पळसात हरवलेला ओव्हरसियर

आमचे मुकादमबुवा कुठलीही वस्तू जवळून बघतच नसत. नवं धोतर असो की पुतण्यासाठी सांगून आलेली मुलगी, आधी चाळीस पावलं मागे जायचे आणि डोळे बारीक करून न्याहाळायचे. "जवयून तं सारेच चांगले दिसते," म्हणायचे.

तळेगावजवळच्या रस्तेदुरुस्तीच्या गँगवर ते मुकादम होते आणि मी नवाकोरा ओव्हरसियर. त्या हिवाळ्यात मुरुमाचं टोपलं घेऊन निघालेल्या पार्वताबाईला ट्रक घासून गेला. हात मोडला, जीव वाचला. मग मजुरांना लांबून दिसतील अशी रंगीत जाकिटं शिवायचं ठरलं आणि रंग निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ऑफिसात बसून झकास केशरी कापड पसंत केलं, नमुन्याचं एक जाकीट शिवूनही घेतलं. खुर्चीवर असं काही शोभत होतं म्हणता!

बुवांनी दारातूनच पाहिलं. "साहेब, तुमच्या खुर्चीवर टरक येते का जी?"

"मग कुठे बघायचं?" मी चिडून विचारलं.

"अंगात घाला अन् चला."

फाल्गुन होता. त्यांनी मला त्या जाकिटात, हाती फावडं देऊन वळणावर उभं केलं आणि स्वतः पुढच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तासभर मी येणाऱ्या प्रत्येक ट्रकला ऐटीत हात दाखवत होतो. दोन्ही बाजूंचा पळस नुसता पेटल्यासारखा फुललाय, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

बुवा परतले ते गंभीर चेहरा करून. "पाच डायवरायले इचारलं, मोडावर कोन दिसलं म्हून. चौघं म्हने, कोनी नाई. पाचवा म्हने, एक पयस हात हालवून राह्यलता."

गँग पोट धरून हसली. मोडका हात गळ्यात बांधून गंमत बघायला आलेली पार्वताबाईही हसली. मी मात्र घाईघाईनं जाकीट अंगातून उतरवलं. हेच जाकीट घालून या बायका उद्या रस्त्यावर उतरल्या असत्या.

शेवटी बुवांनीच, त्याच वळणावर, कडक पिवळं कापड निवडलं. मोठ्या साहेबांना मात्र सांगितलं, "ओव्हरसियर साहेब सोता उन्हात उभे राह्यले, तवा रंग ठरला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं!

पुढे बुवा होते तोवर आमच्या गँगमधल्या कुणाला गाडीचा धक्का लागला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपलं जाकीट घडी करून माझ्यापुढे ठेवलं. "आठवण म्हणून राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणालो.

"उद्या गँगमंधी नवी बाई येऊन राह्यली, तिले द्या. मी आता रस्त्यावर नाई."

आणि पांढऱ्या सदऱ्यात, त्याच रस्त्याच्या कडेनं, घराकडे चालू लागले. त्यांच्याजवळून एकेक ट्रक जाई, तसा माझा जीव खालीवर होई.