चाकणचा तेवीस नंबर

ज्या कारखान्यातल्या प्रत्येक खोलीचं नाव मी कोल्हापुरात बसून टाइप केलं होतं, तो कारखाना बघायला मी पहिल्यांदाच निघाले होते. आमचं काम फायर अलार्मचं. धूर ओळखणाऱ्या प्रत्येक डिटेक्टरला एक नंबर असतो. कुठला नंबर कुठल्या खोलीत, हे लॅपटॉपवरून पॅनेलमध्ये (अलार्मच्या मुख्य पेटीत) भरायचं. चाकणचं हे काम मी नुसत्या नकाशावरून उरकलं होतं. आता आठवडाभर रोज दुपारी पॅकिंग हॉलच्या नावानं अलार्म वाजत होता आणि पॅकिंग हॉलमध्ये धुराचा पत्ता नव्हता.

रावेतला मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी रिक्षानं निघाले. तळवड्यापासून कंटेनरची रांग लागली. त्यातूनच एकदम इंद्रायणी दिसली, काठाला हिरवेगार भाजीचे वाफे, आणि लगेच पुन्हा पत्र्याच्या शेड सुरू. मी मान वळवून बघत होते तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली आणि मांडीवरची बॅग खाली. लॅपटॉप वाचला, पण पॅनेलला जोडायच्या केबलची तार पिनपाशी तुटली.

कारखान्याच्या फाटकासमोर सलीमभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्यांनी हातातलं हॉर्नचं काम बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि केसाएवढी तार अशी जोडून दिली की आमच्या ऑफिसात कुणाला जमलं नसतं. वर चहाही पाजला.

सेफ्टी ऑफिसर पाटीलसाहेब आत वाटच बघत होते. अलार्म वाजला तरी आता कुणी हातातलं काम सोडत नाही, असं ते म्हणाले. मग हळूच सांगितलं, “मॅडम, आज नाही जमलं तर सेकंड शिफ्टपासून पॅनेल बंद ठेवायचं, असं वरून आलंय.”

लॅपटॉप जोडून जुन्या नोंदी काढल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत वाजणारा डिटेक्टर एकच, नंबर तेवीस. सॉफ्टवेअरमधून हव्या त्या डिटेक्टरचा दिवा लुकलुकवता येतो. तेवीसला तसा हुकूम दिला आणि मी पॅकिंग हॉलभर छताकडे बघत हिंडले. मान दुखून आली, पण एकही दिवा लुकलुकेना.

झाडलोट करणाऱ्या सुशीलामावशी जवळच्याच गावच्या. काय शोधताय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“लाल बत्ती व्हय? ती जुन्या कँटिनात लुकलुक करती हाय.”

माझ्या नकाशात जुनं कँटीन नव्हतंच.

कँटीन हलल्यावर त्या खोलीत फोर्कलिफ्टची (माल उचलणाऱ्या गाडीची) बॅटरी चार्ज करत. रोज जेवणाच्या सुट्टीत. आताही सुट्टी होऊन गाडी नुकतीच चार्जिंगला लावलेली होती. दार उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. भिंतीवरचं सॉकेट तपकिरी पडलं होतं, वायर वितळायला लागली होती आणि हातभर अंतरावर पुठ्ठ्यांचे गठ्ठे रचलेले. पाटीलसाहेबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

 आता सांगायलाच हवं होतं.

“साहेब, अलार्म खराच वाजत होता. खोलीचं नाव मी चुकीचं भरलं होतं.”

त्यांनी पुठ्ठ्यांचे गठ्ठे सॉकेटपासून लांब ओढले. “मग आता बरोबर भरा,” म्हणाले. “सगळ्याच खोल्यांचं.”

आधी मावशींनी मला जेवायला बसवलं. डब्यात बाजरीची भाकरी आणि चवळीची उसळ. मी अर्धी म्हणत दोन भाकरी खाल्ल्या. मग आम्ही दोघी कारखानाभर फिरलो. मी डिटेक्टरखाली तपासणीचा धूर सोडायचा, पॅनेलपाशी बसलेल्या पाटीलसाहेबांनी लॅपटॉपवरचा नंबर फोनवर सांगायचा आणि मावशींनी खोलीचं नाव सांगायचं. आणखी तीन नावं चुकलेली निघाली. पाटीलसाहेबांनी दिलेल्या नव्या नकाशात तेवीसच्या खोलीला ‘युटिलिटी रूम दोन’ लिहिलं होतं. मी ‘जुनं कँटीन’ टाकलं.

चार वाजता पाटीलसाहेबांनी लोकांना गोळा करून झाला प्रकार सांगितला आणि मग अलार्म वाजवून पाहिला. कुरकुरत, हसत, हातमोजे झटकत सगळे बाहेर मैदानात आले. अलार्मच्या भोंग्याकडे बोट करून एकजण म्हणाला, “राव, ह्यो तर खरं बोलत होता.”

परतीच्या बसमध्ये मी नकाशावरून भरलेल्या बाकीच्या कारखान्यांची यादी करायला घेतली. साताऱ्यापर्यंत ती पानभर झाली. सगळीकडे स्वतः जावं लागणार, आणि आमच्या ऑफिसातल्या साहेबांना ते पटवावंही लागणार. पण गेल्यावर आधी कुणाला गाठायचं ते आता माहीत आहे. खोल्या झाडणारं माणूस प्रत्येक कारखान्यात असतंच.