मुठीतली किल्ली

"स्वल्प थांबा की ओ," म्हणत अण्णा नव्या गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरायचे. हार घातलेली गाडी, पेढ्यांचा बॉक्स, फोटोसाठी ताटकळलेलं कुटुंब, सगळं थांबायचं.

अण्णा निपाणीकडचे. सर्जापूर रोडवरच्या आमच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये विकायचं काम माझं, गाडी ताब्यात द्यायचं त्यांचं. मी पडलो पुण्याचा. कोणी थांबवलं की डोकं फिरणारच.

रंगाचे दोन रिकामे डबे ठेवून ते प्रत्येकाला त्यांच्याभोवती गाडीवरून फेऱ्या मारायला लावत. "गाडी मुकी आहे, मेलेली नाही," हे ठरलेलं वाक्य. आवाज नसतो म्हणून चालू गाडी बंद वाटते. उतरताना हँडलची मूठ पिळली जाते आणि गाडी उसळते. एका काकांनी ऐकलं नाही, ते गाडीसकट आमच्या शोभेच्या कुंडीत शिरले. अण्णांनी कुंडी सरळ केली. "हं, आता पहिल्यापासून."

हळू पळणाऱ्या मॉडेलला लायसन्स लागत नाही, हे मी तोंड भरून सांगायचो. अण्णा मागून पुटपुटत, "कायद्याला नको असंल, गटाराला पाहिजे की!" शोरूमसमोरच्या उघड्या गटारावर फरशी टाका म्हणून त्यांनी पालिकेला तीन अर्ज केले होते. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

त्या शनिवारी कोरमंगलाच्या पीजीत राहणारी एक मुलगी आली. आयुष्यातली पहिली गाडी. रांग लागली होती. मी अण्णांच्या मुठीतून किल्ली अक्षरशः ओढून तिला दिली. फॉर्मवर 'प्रशिक्षण दिले' या रकान्यात अण्णांची सही लागते, तीही मीच ठोकली. अण्णा तिच्यामागे धावले. "उद्या ये गं बाळ, शिकवतो."

ती आली. दारात अण्णा दिसले म्हणून उतरता उतरता तिनं एक हात वर केला. दुसऱ्या हातानं मूठ पिळली गेली. गाडी तिला घेऊन त्या गटारात गेली. अण्णाच आधी उतरले, पण ती वाचली नाही.

चौकशीत शोरूमच्या साहेबांनी फॉर्म अण्णांपुढे सरकवला. "ही सही तुमचीच ना?"

अण्णांनी सही पाहिली, मग मला पाहिलं. माझी मुलगी तेव्हा महिन्याची होती. तिची कुंची अण्णांच्या बायकोनं शिवलेली. मी तोंड उघडलं नाही.

"सरी, बरोबर," अण्णा म्हणाले. "किल्ली माझ्या मुठीतून गेली. चूक माझीच."

त्याच दिवशी त्यांना काढलं. गटारावर आता फरशी आहे. अण्णा फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर काय बोलायचं ते मला ठाऊक नाही. मला माझी लाज वाटते.

अण्णांची शाळा कन्नड. सही ते जन्मभर कन्नडमध्येच करत आले. मी ठोकलेली सही इंग्रजीत होती. त्यांनी तिच्यावर नुसतं बोट ठेवलं असतं, तरी पुरलं असतं.