काटेवाल्याची वही

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. मी सातवी पास, शिपाई म्हणून भरती झालेला. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि फौजदार म्हणून तपास आला तो सॉफ्टवेअरच्या चोरीचा. साहेब म्हणाले, "सायबरच्या पोरांकडे देऊ का?" म्हटलं, "चोरी ती चोरी. मीच करणार."

फिर्याद खराडीच्या एका कंपनीची. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यांना जोडायचं त्यांचं सॉफ्टवेअर फोडून कुणी तसंच दुसरं बनवलं होतं. यार्डात माल तोलणारा एक तोलार माझा खबऱ्या. त्यानं माणूस दाखवला: बुधवार पेठेत काटे दुरुस्त करणारे, साठीचे चाचा. दुकान सील केलं. कॉम्प्युटर आणि एक वही जप्त. गुन्हा शाबित झाला असता तर चाचा आत आणि दुकान कायमचं बंद.

"चाचा, फोडलंत का?"

"फोडलं, साहेब. फेरतोल केला की रिकाम्या गोणीचं वजन दोनदा वजा व्हायचं. कंपनीला तीनदा सांगितलं. शेवटी उघडून बघितलं."

"आणि उतरवून काढलंत."

"नाही. नवं लिहिलं माझ्या मुलीनं. तिला आतलं काही दाखवलं नाही. काट्यावर काय ठेवलं की काय छापून यायला पाहिजे, एवढंच वहीत लिहून दिलं."

"तुम्हीच का नाही लिहिलं?"

"बघितलेलं विसरता येतं का? हात आपोआप तिकडंच गेला असता."

हवालदार म्हणाला, "वा! साधूच सापडले." माझाही विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला ठाण्यात बोलावलं. तिचा मोबाईल काढून घेतला, पुढ्यात कोरा कॉम्प्युटर आणि ती वही ठेवली. पान मी निवडलं. "एवढं करून दाखवा." कंपनीच्या इंजिनिअर बाई शेजारी बसवल्या होत्या. आधी त्या तिरकस बघत होत्या. मग खुर्ची पुढं ओढून घेतली. दोन तासांनी म्हणाल्या, "साहेब, काम तेच करतंय. पण वाट आमची नाही. एक ओळसुद्धा आमची नाही." जप्त कॉम्प्युटरमधलं लिखाण मात्र मुलीच्या लिखाणाशी जुळलं.

मला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. तरी मी उठून उभा राहिलो.

कोर्टात तसा अहवाल गेला. सील मी स्वतः काढलं.

ओळख परेडीआधी साक्षीदाराला आरोपी दाखवायचा नाही, हे आम्हाला नियम म्हणून पाठ. तरी एकदा घाईत मी लांबून दाखवला होता. साक्षीदारानं परेडीत त्यालाच ओळखलं आणि तो आरोपी आत गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चाचांना कुणी नियम शिकवला नव्हता, दुकानात कुणी बघायलाही नव्हतं. आपल्याच डोळ्यांवर त्यांनी पहारा बसवला होता.

किल्ली हातात देताना मी त्यांना सलाम ठोकला. सगळ्या नोकरीत आरोपीला केलेला तेवढाच.