हिरव्या पायांची रंगारीण

नेपल्समध्ये रेस्तितूता कापुओत्सो कोण, असं विचारलंत तर चार माणसं खांदे उडवतील. तितीना म्हणा, लगेच रंगाऱ्यांच्या गल्लीतलं तिसरं दार दाखवतील आणि वर सांगतील, "हात बघा, कोपरापर्यंत हिरवी असेल तीच." राजाच्या थिएटरात नाचणाऱ्या पोरींचे मोजे रंगवणं हे तिचं काम. बावीस वर्षं तिने दुसऱ्या रंगाला फारसा हात लावला नाही, आणि त्याला कारण राजेसाहेब.

झालं होतं असं. तितीनाच्या आईच्या काळात नाचणाऱ्या बायका पायघोळ झग्यात रंगमंचावर येत. त्यांना खाली पाय आहेत की चाकं, हे कुणाला कळायची सोय नव्हती. मग पॅरिसहून नवी तऱ्हा आली. पांढऱ्या तलम कापडाचे थरावर थर, घेर असा की पोरीने दारातून आडवं शिरावं, आणि लांबी जेमतेम पोटरीच्या मध्यापर्यंत. गिरकी घेतली की गुडघाही दिसे. आत कमरेपर्यंत चढणारे रेशमी मोजे, तेही कातडीच्या रंगाचे. बाकीची सगळी शहरं खूश झाली, पण आमचे राजेसाहेब पडले देवभोळे. मोजे बघून कुणाच्या मनात भलतंसलतं यायला नको म्हणून ते गडद हिरवे असावेत, असा हुकूम निघाला. झालं! कमरेच्या वर परी आणि खाली बेडकाच्या तंगड्या. वरच्या स्वस्त सज्जातल्या टारगटांना आयतंच सापडलं. एकटीने नाचायला कुणी पुढे आली रे आली की वरून सुरू, "डरांव! डरांव!" गेल्या हंगामात एक पोरगी अशी रडत आत पळाली, ती आता सालेर्नोला टोप्या शिवते.

तितीनाला या सगळ्याचं एरवी काही वाटत नसे. हुकूम राजाचा, पाय दुसऱ्याचे, आपण रंग द्यायचा. पण त्या वर्षी पाय तिच्या घरातले निघाले. मेलेल्या बहिणीची मुलगी एर्सीलिया तिने लहानपणापासून सांभाळली होती. नऊ वर्षं ती मागच्या रांगेत नाचत होती. मुख्य नर्तिकेचा पाय मुरगळला आणि एका संध्याकाळचा, पाच मिनिटांचा एकटीचा नाच एर्सीलियाच्या पदरात पडला. लोकांनी उचलून धरलं तर पुढच्या हंगामात पहिली रांग. डरांव झालं तर थिएटरवाले मागच्या रांगेतूनही नारळ देणार, हे उघड होतं.

"मावशी, नाच मला येतो गं," एर्सीलिया म्हणाली. "पण ती वरची मेली कमरेच्या वर बघतील तर ना!"

"मग कमरेखालचं माझ्याकडे सोड," तितीना म्हणाली. "तू जेव आधी. काडीसारखी झालीस. हिरवी काडी तर अजूनच वाईट दिसेल."

आता, दिव्याच्या उजेडात रंग फसवतो, हे प्रत्येक रंगाऱ्याला माहीत असतं. संध्याकाळी दुकानात पसंत केलेली फीत सकाळी भलतीच निघते आणि बायका भांडायला येतात. तितीनाने ठरवलं, एकदा या फसवणुकीलाच कामाला लावू. नीळ कमी, पिवळ्या फुलांचा काढा जास्त आणि अगदी शेवटी लाल मंजिष्ठेची चिमूट. खिडकीत धरला तर सरकारी हिरवा, तेलाच्या दिव्यापुढे धरला तर हिरवेपणा मरून गुलाबी झाक वर यावी, असा रंग तिला हवा होता. सहा दिवस ती मोरीत दिवा लावून बसली. एक घाणा उकडलेल्या खेकड्यासारखा निघाला, एक दिव्यातही हिरवाच राहिला, एकाने दिवसाच गुलाबी होऊन दाखवलं. शेजारीण नाक दाबून म्हणाली, "तितीना, मॅकरोनीतही नीळच घालतेस का गं हल्ली?" अकराव्या भांड्यात रंग साधला. तितीनाने मोजा खिडकीपाशी नेला, दिव्यापाशी आणला, पुन्हा खिडकीपाशी नेला आणि एकटीच टाळ्या वाजवत सुटली. आयुष्यात इतका सुंदर रंग तिच्या हातून उतरला नव्हता.

धोका मात्र खराच होता. पोलिसांकडून नेमलेले लिबोरिओ हे मोज्यांचे तपासनीस. नाचाच्या दिवशी सकाळी ते मोहोर लावलेला हिरव्या कापडाचा तुकडा घेऊन येत, खिडकीत मोजे त्याच्याशी ताडून बघत आणि शिक्का मारत. संध्याकाळी खालच्या सज्जात बसून पुन्हा नजर ठेवत. त्यांच्या लक्षात आलं तर तितीनाचं काम जाणार, कदाचित तुरुंगही, आणि पोरीचं नाव कायमचं खराब होणार. सकाळी स्वतःच्या हाताने मारलेला शिक्का संध्याकाळी खोटा म्हणायला त्यांना जड जाईल, एवढ्याच आशेवर ती होती.

"तितीनाबाई, जरा उजेडात धरा बरं," लिबोरिओ आले ते धापा टाकतच.

"तुम्हीच धरा की. घरी कुणी मोजे धरू देत नाही वाटतं?"

"बायकोला सांगेन हं!"

"सांगा. तीच तर पाठवते तुम्हाला इकडे, तेवढाच घराला आराम."

लिबोरिओंनी तुकडा लावून पाहिला, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "आज जरा खुशीत दिसतोय हा हिरवा."

"वसंत आहे, साहेब. सगळेच खुशीत आहेत. तुम्हीही एखादं बिस्किट खा."

बिस्किट खाता खाता त्यांनी शिक्का मारला. 

संध्याकाळी ती पडद्याआड उभी राहिली. एर्सीलिया एकटी पुढे आली. दिव्यांच्या रांगेत तिचे पाय हुबेहूब माणसाचे दिसत होते, उबदार, किंचित गुलाबी. वरून कुणीतरी "डरां" म्हणालं, तोच एर्सीलियाने हात वर नेला आणि तो आवाज तिथेच तुटला.  मग तिने तो हात हळू खाली आणला, वळली, उडाली. पाच मिनिटं संपली तेव्हा ते सज्जातले टारगट उभे राहून तिच्या नावाने ओरडत होते. तितीनाने डोळे पुसले आणि सहज खालच्या सज्जाकडे पाहिलं. लिबोरिओंची खुर्ची रिकामी होती.

ती धावतच कपड्यांच्या खोलीत गेली. मागोमाग लिबोरिओ आले, हातात वही, चेहरा पार उतरलेला. त्यांनी दार लावलं. पोरीचा यात काही दोष नाही, हे वाक्य तितीनाने जिभेवर आणून ठेवलं होतं.

"तितीनाबाई," ते हळूच म्हणाले, "दिव्यात मोजे कुठल्या रंगाचे दिसले, ते मला लिहून द्यावं लागतं."

"मग लिहा. मी काय हात धरलाय?"

"तसं नाही हो. अकरा वर्षं पाय बघण्याचा पगार खातोय मी. पण त्या पोरीने तो हात असा वर नेला ना... आणि मग एकदम टाळ्याच. मी खाली बघितलंच नाही. कुणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल. कुठला होता रंग?"

तितीनाने मनातल्या मनात हिशेब केला. सहा दिवस, अकरा भांडी.

"हिरवा," ती म्हणाली. "दुसरा कुठला असणार?"

त्यांनी लिहिलं, तिचे दोन्ही हात दाबले आणि सुटल्यासारखे निघून गेले. तितीना मोज्यांच्या टोपलीवर बसली. आधी तिला चक्क राग आला. तेवढ्यात एर्सीलिया घामाने निथळत आत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "मावशी, तुझ्या रंगाने वाचवलं गं मला!"

"नाही गं, पोरी," तितीना म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "माझा रंग कुणी बघितलाच नाही."