शॉकरमधली हवा

जाम गावच्या चौकात हिरालालचं मोटारसायकलींचे शॉकर दुरुस्त करायचं दुकान आहे. हात बसलेला, पण कोंडलेल्या हवेची त्याला फार भीती. हवा भरताना जोडीदार जयवंताच्या तोंडावर ट्रकच्या चाकाची रिंग उडाली, तेव्हा हिरालाल दोन हातांच्या अंतरावर उभा होता. जयवंता वाचला, त्याचा एक डोळा गेला.

म्हणून सिंदी मेघे गावचे नानाजी दुकानात आले, तेव्हा तो आधी नाहीच म्हणाला. निवृत्त इंजिनियर असलेल्या नानाजींनी समुद्रपूरजवळच्या आपल्या शेतात, टिनाच्या शेडमध्ये, सात वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधलं होतं. पुढच्या चाकाचा, दाबलेल्या हवेवर चालणारा शॉकर तेल गाळत होता आणि नानाजींची बोटं आता पान्यावर नीट वळत नव्हती.

"सील तेवढं बदलून दे, बाबू. दुसऱ्या कोणावर भरोसा नाई मले."

हिरालाल गेला. शेपटीला वाळूची पोती बांधून दोघांनी विमानाचं नाक उचललं. हिरालालने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स झालं, थांबलं.

"झाली खाली," नानाजी मीटर बघून म्हणाले. "काटा शून्यावर आहे. खोल आता."

हिरालालने पाना लावला आणि तो तसाच थांबला. पाना काढून त्याने चाक खालून वर ढकललं. ते दोन बोटं चढलं आणि झटक्याने परत आलं.

त्याने हात मागे घेतला.

"हवा नाई, तं मंग हे परत काऊन येते?"

नानाजींचा चेहरा उतरला. ते खाली वाकून शॉकरच्या नळीला कान लावायला गेले.

"दूर व्हा! पहिले दूर व्हा तुमी!"

हिरालाल एका बाजूला झाला, मान फिरवली आणि हात लांब करून पान्याने अख्खा व्हॉल्व्हच अर्धा आटा सैल केला. काही नाही. आणखी जरासा. एकदम शिटी वाजल्यासारखा आवाज झाला आणि काळं, फेसाळ तेल टिनाच्या भिंतीवर उडालं. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता. आवाज थांबल्यावरही तो कितीतरी वेळ जागचा हलला नाही. मग चाक पुन्हा ढकललं. ते अलगद वर गेलं.

सील बदललं, तेल भरलं, हवा मोजून भरली. संध्याकाळी नानाजींनी विमानातून एक चक्कर मारली. विमान उतरताना हिरालालने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नाक जरासं दबून नीट वर आलं होतं.

"ये, बस!" नानाजी ओरडले.

"आज नाई, नानाजी."

परतताना त्याला जयवंताचा डोळा आठवला आणि त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली. बायकोचा, मंदाबाईचा, फोन आला.

"कुठं आहा जी?"

"येऊन राह्यलो," तो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.