दोराचं वरचं टोक

पाणबुड्याचं काम बाहेरून बघणाऱ्याला मोठं मर्दुमकीचं वाटतं. प्रत्यक्षात ते चाचपण्याचं काम आहे. धक्क्याखालचं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात नाकाशी धरला तरी दिसू नये. तिथे उतरायचं, खांबाला मिठी मारायची, त्यावरची शिंपल्यांची पुटं खरवडून काढायची आणि आतलं काँक्रीट शाबूत आहे की भुसभुशीत झालंय हे बोटांनी ओळखायचं. आमचा हा माणूस बंदर खात्यात हेच करत म्हातारा होत आला. अंगाने किडकिडीत, कानाला कायमचे दडे बसलेले. त्यामुळे तो ओरडून बोलायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, भांडतोय. भांडण मात्र त्याने जन्मात कुणाशी केलं नाही. बायकोशी तर नाहीच, कारण त्याचा जीव तिच्या हातात असायचा. हे मी बोलण्यापुरतं म्हणत नाही.

पाणबुड्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि त्याचं वरचं टोक धक्क्यावर बसलेल्या माणसाच्या हातात असतं. खालून एक हिसका आला तर सगळं ठीक. दोन आले तर दोर सैल सोड. तीन आले तर ओढ, विचारत बसू नकोस. भाषा एवढीच, पण ती मनगटात भिनावी लागते, कारण लाटाही दोर हलवतात. बायकोचे वडील बंदरातले जुने दोरवाले. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा एके दिवशी ही त्यांची पोरगी येऊन बसली आणि तिने दोर हातात घेतला. साहेबलोकांनी नाकं मुरडली. पाणबुड्या खाली गेला, वर आला आणि एवढंच म्हणाला की यापुढे दोर हीच धरेल, नाहीतर मी उतरणार नाही. लग्न पुढे झालं, पण ठरलं त्याच दिवशी, असं त्याची मोठी बहीण सगळ्यांना सांगायची.

बायको तोंडाने फटकळ. तो शिडीवरून निथळत वर आला की रोज म्हणायची, "आलात, बेडूकराव? काय आणलंत खालून?" मग तो तिच्या हातावर काहीतरी ठेवायचा. कधी एखादा शिंपला, कधी कुणाचा पडलेला चष्मा. एकदा अख्खी कवळी सापडली. ती तिने धुऊन पुसून तिकिटाच्या खिडकीत मांडून ठेवली, मालकाने ओळख पटवून घेऊन जावी म्हणून. लाँचने जाणारे येणारे वाकून बघायचे आणि हसायचे. कवळी न्यायला कुणी आलं नाही. येईल तरी कसा, असं ती म्हणायची, हसल्याबरोबर बोळकं दिसून पकडला जाईल ना.

तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा दोघांनीही ते हसण्यावारी नेलं. चहात मीठ पडलं, हसले. घराची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली, हसले. मग एकदा ती बाजारातून परत आलीच नाही आणि शोधत गेलेल्या त्याला दुसऱ्याच कुणाच्या दारात उभी दिसली, तेव्हा हसणं थांबलं. खात्याने दोर दुसऱ्या माणसाकडे दिला. नवा दोरवाला भला होता, बडबड्या होता, पण पाणबुड्याला त्याच्या हाताची सवय अखेरपर्यंत झाली नाही. बहीण घरी राहायला आली आणि वहिनीकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली. ताई म्हणजे शिस्तीचं काम. तिने ना कधी रडगाणं गायलं, ना कुणाला गाऊ दिलं.

घरात बायको त्याच्याकडे बघायची ती अशी, की चेहरा कुठेतरी बघितलाय पण आठवत नाही. तो चहा पुढे करायचा तर ती अवघडून घ्यायची. पण संध्याकाळी तो तिला धक्क्याच्या पार टोकाला घेऊन जायचा. तिथे शिडीशेजारी एक बाक होता, तिचा नेहमीचा. तिथे बसली, खाली पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला, की एखाद्या दिवशी ती मान वळवायची आणि अगदी जुन्या आवाजात म्हणायची, "आलात, बेडूकराव?" दुसऱ्या क्षणी विझायचं ते. रोज घडायचं असंही नाही. पण त्या एका वाक्यासाठी तो रोज तिथे जायचा, आणि ते मिळालं की रात्री निवांत झोपायचा. त्याला वाटायचं, बायको अजून आहे, फक्त घरी नसते, धक्क्यावर असते.

आता नेमका तो धक्काच मोडकळीला आला होता. दुरुस्तीचं घोंगडं कितीतरी वर्षं भिजत पडलेलं. साहेब यायचे, कडेला उभे राहून च्यक्‌च्यक्‌ करायचे आणि गाडीत बसून जायचे. मग एका दुपारी लाँच जरा जोरात टेकली आणि कठड्यासकट एक मोठा तुकडा पाण्यात गेला. कुणाला लागलं नाही हे नशीब. खाडकन जाग आली सगळ्यांना, आणि दुरुस्तीचा आराखडा करायला एक इंजिनिअरबाई आल्या. तरुण, उन्हात टोपीही न घालता हिंडणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर सगळा धक्का एकदम बंद करायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन पावसाळे तरी कुणाला पाऊल टाकू द्यायचं नाही. नाहीतर आधी किनाऱ्याकडचा अर्धा भाग करायचा आणि फळ्यांचा तात्पुरता पूल टाकून टोक चालू ठेवायचं.

दोन पावसाळे. पाणबुड्याने मनातल्या मनात हिशेब केला. तोवर बायकोचं काय उरेल? आयुष्यात कधी कुणाकडे काही न मागितलेला हा माणूस इंजिनिअरबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला आणि, दुसरं काय करणार, ओरडून बोलला. शेजारच्या टेबलावरचे सगळे वर बघायला लागले. त्याने बायकोचं सगळं सांगितलं, बाकाचं, संध्याकाळचं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी नकाशावर टोकाकडे जाणारा तो पूल पेन्सिलीने काढूनच दाखवला.

"टोकाखालचे खांब चांगले निघाले तर मी हा पूल ठेवेन," त्या म्हणाल्या. "पण खांब बघून तुम्हीच खरं काय ते सांगायचं, काका."

त्याने मान डोलावली. खांब चांगलेच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. माणसाला जे हवं असतं त्याबद्दल ती नसतेच.

आणि इथे त्याने एक चूक केली. जन्मभर दोराच्या खालच्या टोकाला राहिलेल्या माणसाकडूनच होईल, अशी ती चूक होती. त्याला वाटलं, डोकं विसरेल, पण मनगट विसरायचं नाही. टोकाखाली उतरायच्या दिवशी त्याने बायकोला बरोबर आणलं, बाकावर बसवलं आणि दोर तिच्या हातात दिला. दोरवाल्याला म्हणाला, तू फक्त शेजारी उभा राहा, मागचं टोक तुझ्या हातात ठेव. दोरवाला का कू करत होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून कबूल झाला. बायकोने दोर हाताभोवती घेतला तो बरोबर जुन्या पद्धतीने, अंगठा बाहेर ठेवून. ते बघून पाणबुड्याचा जीव सुपाएवढा झाला. तो शिडीवरून उतरला तो जवळजवळ गाणं म्हणतच.

खाली पहिल्याच खांबाला हात लावला आणि त्याला कळलं. वरचं पूट निघालं तसं काँक्रीटही निघालं, भिजलेल्या बिस्किटासारखं. आतले लोखंडी गज उघडे पडले होते आणि गंजून करंगळीएवढे झाले होते. दुसरा खांब तसाच. तिसऱ्याला तर, म्हणजे बाकाच्या बरोबर खालच्याला, हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. त्याने परत परत चाचपलं. कुठेतरी घट्ट लागेल म्हणून खांबाच्या चारी बाजूंनी फिरला, आणि त्या फिरण्यात दोर गजांमध्ये अडकला.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. असं पूर्वीही झालं होतं. त्याने दोन हिसके दिले, सैल सोड. दोर तसाच ताठ. पुन्हा दोन दिले. मग तीन. वरून काहीच आलं नाही. त्याच वेळी, हे त्याला नंतर कळलं, इंजिनिअरबाईंनी मापाची फीत धरायला दोरवाल्याला हाक मारली होती. त्याने मागचं टोक खुंटाला बांधलं आणि दोन मिनिटांत येतो म्हणून तो पलीकडे गेला होता. त्या काळोखात पाणबुड्या पुन्हा पुन्हा तीन हिसके देत राहिला. हवा पुरेशी होती, टाकी पाठीवर होती, सुटका त्याला सहज करून घेता आली असती. पण तो वाट बघत होता. आता ओढेल, आता ओढेल. शेवटी त्याने कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. एवढ्या वर्षांत त्याने दोर कधी कापला नव्हता. मुखवट्याच्या आत तो रडत होता आणि डोळे पुसायची सोय नव्हती.

तो शिडीवरून वर आला तेव्हा बायको बाकावर स्वस्थ बसली होती. दोर तिने बाजूला ठेवून दिला होता, कुणाची तरी विसरलेली वस्तू ठेवावी तसा. ती लाँच बघत होती. तो निथळत समोर उभा राहिला तशी तिने कपडे भिजू नयेत म्हणून पाय जवळ घेतले. दोरवाला पलीकडून धावत आला. कापलेलं टोक बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो पुन्हा पुन्हा माफी मागायला लागला. पाणबुड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझं काही चुकलं नाही म्हणाला. खरंच चुकलं नव्हतं.

मागोमाग इंजिनिअरबाई आल्या. हा जन्मभर ओरडून बोलणारा माणूस इतक्या हळू बोलला की त्यांना वाकून ऐकावं लागलं.

"पूल नको बाई. सगळा बंद करा. आजच करा."

त्या दिवशी पेन्सिलीचा पूल पुसला गेला. बाई त्याला म्हणाल्या की मला वाईट वाटतंय, आणि त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले. पाणबुड्याचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला. संध्याकाळ झाली की ती उठेल, दाराशी जाईल, धक्क्यावर चला म्हणेल. तेव्हा काय सांगायचं? पाऊस येतोय सांगावं, लाँच बंद आहे सांगावं, की दुसऱ्याच रस्त्याने फिरवून आणावं? ताईलाही त्याने पढवून ठेवलं होतं. ताई बरं म्हणाली आणि तिने मटार सोलायला घेतले.

ऊन उतरलं. नेहमीची वेळ झाली. बायको स्वयंपाकघरात ताईसमोर बसून मटार सोलत होती. एक शेंग उघडायची, दाणे निरखायची, मग दुसरी घ्यायची. तो दाराच्या चौकटीला टेकून वाट बघत राहिला. बाहेर अंधारून आलं, ताईने दिवा लावला. बायको उठली नाही, दाराकडे तिने बघितलंही नाही. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"आज आपल्याला धक्क्यावर जाता येणार नाही," तो म्हणाला.

तिने वर बघितलं. "कुठल्या धक्क्यावर?"

त्याच्या तेव्हा लक्षात आलं की ती आपण होऊन धक्क्यावर चला असं कधी म्हणालीच नव्हती. रोज तिला चपला घालून देणारा तोच, हात धरून नेणारा तोच. तिला कुठेच जायचं नव्हतं. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ताईने तोंड फिरवलं, कारण तिला रडगाणं चालत नसे आणि आता तिचेच डोळे भरले होते.

बायको मात्र उठली. तिने पेल्यात पाणी घेतलं, त्याच्यापुढे धरलं, तो पीपर्यंत उभी राहिली. मग अनोळखी पण दुःखी माणसाशी बोलावं तितक्या मायेने म्हणाली, "असं करू नये. जा आता घरी. तुमची बायको वाट बघत असेल."

ताई काहीतरी बोलणार होती. त्याने हातानेच तिला थांबवलं.

"हो," तो म्हणाला, "जातो."

त्याने पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि आपल्याच घराचं दार हळूच ओढून घेऊन तो जिन्यावर जाऊन बसला. ती झोपल्यावर ताईने दार उघडलं, तोवर तिथेच होता.