जुन्या कपड्यांची खोली

जुने कपडे गोळा करणाऱ्यांकडे दोन ढीग कायम असतात, कपड्यांचा आणि किस्स्यांचा. कपड्यांचा आम्ही निदान उपसतो तरी! किस्स्यांचा वाढतच जातो, कारण माणूस कपडा नुसता देत नाही, देताना काहीतरी बोलतो. आमची संस्था आणि महापालिका यांनी मिळून पुंडलिकनगरात ही खोली सुरू केली. चांगले कपडे गरजूंना जातात, उरलेल्यांच्या यंत्रात चिंध्या होतात. निवडायचं काम रेहानाआपांचं आणि 'या, बसा' म्हणायचं माझं.

*

पहिल्याच दिवशी एका काकूंनी गाठोडं सोडलं, सहा साड्या मांडल्या आणि हात पुढं केला.

"पातेलं?"

मी म्हटलं, "काकू, आम्ही भांडी देत नाही. हे दान आहे. शिवाय रिसायकलिंग! पर्यावरण वाचतं."

काकूंनी शांतपणे विचार केला आणि चार साड्या परत गाठोड्यात घातल्या.

"मग एवढंच वाचवा!"

*

एक निळा सफारी तर आता आमचा घरचाच झालाय. सकाळी बाई आणून देतात, संध्याकाळी त्यांचे मिस्टर येऊन गुपचूप घेऊन जातात. "हिला सांगू नका बरं का!" असं दर वेळी बजावतात. आम्ही कशाला सांगतोय!

परवा बाई पुन्हा सफारी घेऊन आल्या. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी येतीलच ते. येताना दूध आणायला सांगा!"

*

लासूर स्टेशनचे एक मामा आले. "साड्या पायजेत. लई भडक."

आपा खूश झाल्या. "किसके वास्ते मामा? सुनेला?"

"रानडुकरांना."

मक्याभोवती साड्या बांधल्या की डुकरं बिचकतात म्हणे, आत शिरत नाहीत. मला राहवलं नाही. विचारलं, "मामा, डुकरांना रंग कोणता आवडतो हो?"

"आवडणारा कशाला? न आवडणारा द्या ना!"

*

एका निवृत्त सरांनी एकच पायमोजा दिला होता. "दुसरा हरवलाय," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी धापा टाकत आले. "दुसरा सापडला!"

मी हात पुढं केला, तर म्हणाले, "द्यायला नाही आलो. पहिला परत द्या!"

*

आणि त्या गाडीतून आलेल्या बाई. सगळे काहीतरी द्यायला येतात, यांच्या हातात काहीच नव्हतं.

"बाळाचं झबलं मिळेल का?"

मी नव्या कोऱ्या झबल्यांचं पाकीट काढलं. बाई एकदम मागं सरकल्या. "नवं नको. जुनं, मागून घेतलेलं हवंय. ज्या घरातली लेकरं सुखरूप आहेत त्या घरातलं."

त्यांच्या सुनेची पहिली दोन बाळं जगली नव्हती. तिला आता पुन्हा नववा महिना लागला होता.

ढिगातलं कुठलं झबलं कुणाच्या घरचं, आम्हाला काय ठाऊक! 'असं काही नसतं हो' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंची नजर जुन्या कपड्यांच्या ढिगावरून हलत नव्हती. मी नव्या झबल्यांचं पाकीट परत ठेवून दिलं.

आपा हातातलं काम सोडून पुढं आल्या. "बाई, मेरे चार हैं. चारीबी धडधाकट. धाकट्याचं झबलं घरी हाय. चालंल का?"

बाईंनी लगेच मान डोलावली.

आपांनी घरी जाऊन झबलं आणलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पांढरं स्वच्छ, कुठं डाग म्हणून नाही. त्या हातात द्यायला गेल्या, तर बाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला. आपांनी 'बिस्मिल्ला' म्हणत झबलं पदरात ठेवलं.

बाई गेल्या. नाव-पत्ता विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्यानंतर दारात गाडी थांबली की आपा निवडणं सोडून उठायच्या, वाकून बघायच्या आणि परत बसायच्या. पुढं काय झालं असेल, हे आम्ही एकमेकांनाही विचारत नव्हतो. भीती वाटायची.

उन्हाळ्यात एक ड्रायव्हर पिशवी ठेवून गेला. मी उघडली. आत तेच झबलं, इस्त्री करून घडी घातलेलं. पिशवी उलटी करून झटकली, चिठ्ठी-बिठ्ठी काहीच नव्हती.

आपांनी ते माझ्या हातातून घेतलं, खिडकीपाशी नेलं, उलगडलं. बाहीवरून बोट फिरवलं आणि एकदम मोठ्यांदा हसल्या.

"देखो ना! काजळाचा डाग! धुऊनबी गेला नाय!"